चार घागरी समुद्र

मनकर्णा कॉलेजात लागली ती नवऱ्याच्या जागेवर. कानिफनाथ प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होता. पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत माणूस गेला. संस्थेच्या आप्पासाहेबांनी तेराव्याच्या आतच निरोप धाडला, बाईची चौथी झालेली असेल तर त्याच जागेवर घेऊ. तिची चौथी झालेली होती. मूलबाळ नव्हतं. पाथर्डीकडच्या माहेरी परत जावं तर तिथं भावाचंच त्याला पुरत नव्हतं. तेव्हा कपाळ मोकळं असलेली, चौतीस वर्षांची मनकर्णा श्रीगोंद्याबाहेरच्या माळावर, नुकत्याच उभ्या राहिलेल्या त्या कॉलेजच्या लॅबमध्ये आली आणि पहिल्याच दिवशी बेडकांचे ट्रे धुवायला बसली.

पहिला महिनाभर फॉर्मालिनच्या वासानं तिला भाकरी गिळवत नसे. मग नाक मेलं. बरण्या पुसणं, काचा मोजून घेणं, पोरांनी फाडलेले बेडूक खड्ड्यात पुरणं, हे सगळं ती न बोलता करी. प्राध्यापक तिला मनकर्णाबाई म्हणत. लॅबच्या मागंच एका खोलीचं क्वार्टर मिळालं होतं. सकाळी साडेसातला कुलूप काढायचं, संध्याकाळी सहाला लावायचं. आयुष्य असंच जाणार, आणि जाऊ दे, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

एकाहत्तर सालच्या डिसेंबरात गाडेकर सर पोरांची सहल घेऊन मालवणला गेले. राधाकृष्ण गाडेकर हे तिशीतले, हडकुळे, सतत कशाच्या तरी मागं लागलेले गृहस्थ. सहलीहून येताना बाकीच्यांनी काजू आणले, सरांनी समुद्र आणला. काचेचे चार मोठे बुधले, भाताच्या पेंढ्यात बसवलेले, आणि एक झाकणाची बादली. बादलीत काय आहे ते बघायला अख्खं कॉलेज लोटलं. तळाशी एक दगड होता, त्यावर शर्टाच्या बटणांएवढ्या हिरवट गाठी. शिवाय दोन लिबलिबीत गोळे, आणि एक शंख, जो मधूनच चालायला लागे.

"हे काय, सर?" मनकर्णानं विचारलं.

"हे समुद्रफूल. फूल नाही, प्राणी आहे. आणि ह्या दगडावरचे पण प्राणीच. पोवळ्यांच्या नात्यातले. आपल्या पोरांनी समुद्र पुस्तकातच बघायचा का? आपण इथं ठेवू."

टाकी गावातल्या लोहाराकडून करून घेतली होती. लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यात काचा, सांध्यांना काच बसवायच्या लांबीचा लगदा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावलं बरोबर चार घागरी. पहिल्या दिवशी टाकी गळली. दुसऱ्यांदा लांबी भरली, तेव्हा सरांच्या लक्षात आलं की खारं पाणी लोखंडाला खाणार आणि गंज त्या प्राण्यांना मारणार. मग आतून डांबर लावलं, ते आठ दिवस वाळवलं, साध्या पाण्यानं तीनदा धुतलं. तोवर प्राणी बादलीतच. त्या बादलीत हवेची नळी सोडून ठेवली होती आणि तो पंप दिवसभर भुणभुणत असे. मनकर्णाला वाटलं, ह्या आवाजानं आपलं डोकं उठणार. पुढं दोन वर्षं तिला त्या आवाजाखेरीज चैन पडलं नाही, आणि तो बंद पडला की ती दचकून उठे.

टाकीच्या तळाशी भोकं पाडलेल्या नळ्या, त्यावर शिंपल्यांची भरड वाळू, त्यावर दगड. पंपाच्या हवेनं पाणी वाळूतून खाली ओढलं जाई आणि नळ्यांतून वर येई. "ही वाळूच पाणी साफ करणार," सर म्हणाले, "पण लगेच नाही. महिनाभर मुरू द्यायचं. वाळूत जंतू वाढतात, डोळ्यांना न दिसणारे, ते घाण खातात. त्यांच्यावर सगळं आहे." मनकर्णाला हे लगेच पटलं. लोणचं मुरतं, ताक मुरतं, पाण्यानंही मुरावं. सरांनाच मात्र धीर निघाला नाही. तिसऱ्या आठवड्यात कुणाकडून तरी मुंबईहून चार पट्ट्यापट्ट्यांचे मासे मागवले आणि सोडले. दोन दिवसांत दोन मेले. त्या सकाळी कुलूप काढल्याबरोबर मनकर्णाला वास आला होता. सडल्याचा नव्हे, त्याच्या आधीचा, ओल्या भिंतीसारखा.

"सर, पानी नासलंय," ती म्हणाली होती.

"दिसतंय तर स्वच्छ."

"दिसायला हाय. वासाला न्हाई."

मासे मेल्यावर सरांनी तिच्याकडं नीट बघितलं. त्या दिवसापासून टाकीचं काम तिच्याकडं आलं. कुणी तसं सांगितलं नाही. ते आपोआप आलं, जशी घरातली कामं एका बाईकडं येत जातात.

काम दिसायला थोडं होतं. रोज टाकीतलं पाणी उडून जाई, पण मीठ मागंच राही. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं, काचेवर तांबड्या रंगाची रेघ मारली होती तिथपर्यंत. खारं घालायचं नाही. मग पाण्यात काचेचा काटा सोडून खारटपणा मापून बघायचा. फिजिक्सच्या लॅबमधला काटा फुटला, तेव्हा सरांनी डेअरीतून दूध तपासायचा लॅक्टोमीटर आणला, आणि मनकर्णाला आश्चर्य वाटलं की दुधाचा काटा समुद्रालाही चालतो. "चोवीस ते सव्वीस," सर म्हणाले. "त्याच्या खाली नको, वर नको." काचेवर चढणारा मिठाचा पापुद्रा ओल्या फडक्यानं पुसायचा. खायला दोन दिवसांआड, चिमट्यानं, नखाएवढं. गांडुळाचा तुकडा, नाहीतर बाजारच्या दिवशी खाटकाकडून आणलेली काळीज-कलेजीची चिमूट. उरलेलं लगेच काढायचं. काढलं नाही की वास.

समुद्रफुलाला पहिल्यांदा तिनं खायला घातलं तेव्हा त्याची बोटं तिच्या चिमट्याला चिकटली आणि हळूच ओढायला लागली. ओढण्यात जोर काही नव्हता. तरी तिनं तो चिमटा बराच वेळ तसाच धरून ठेवला.

बहात्तरच्या एप्रिलात परीक्षा संपल्या आणि गाडेकर सरांना मुंबईला संशोधनासाठी जागा मिळाली. तीन वर्षं. जाताना त्यांनी एका वहीत मोठ्या अक्षरांत पाच गोष्टी लिहून दिल्या आणि खाऱ्या पाण्याचे दोन भरलेले बुधले मागं ठेवले.

"जमेल तेवढं बघा, मनकर्णाबाई. नाही जमलं तर नाही. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"बघते, सर," ती म्हणाली. जबरदस्ती असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं. जबरदस्तीचं काम सोडता येतं.

मे महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीच्या, भीमाबाईच्या मुलीचं लग्न होतं. मुक्ताचं. मनकर्णानं तिला आपल्या मांडीवर वाढवलेलं. चार दिवस आधी जायचं ठरलं होतं. पण त्या उन्हात टाकीतलं पाणी दिवसाला तांब्याभर उडत होतं आणि चार दिवस कुणाच्या भरवशावर सोडायचं? नवे आलेले पठारे सर भले होते, पण त्यांचा विषय कीटक. "मला त्यातलं काही कळत नाही हो बाई," ते हात झटकून म्हणाले, "माझ्या हातून मरायचे." मग ती लग्नाच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघाली, भर दुपारी मांडवात पोचली, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आत परतीच्या गाडीला लागली. भीमाबाई तिला पोचवायला फाट्यावर आली नाही. पुढं चार महिने तिचा निरोपही आला नाही.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही असातसाच होता. श्रावणात माळावर गवताची काडी नव्हती, दिवाळीला कॉलेजच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. मग आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. टँकरचा ड्रायव्हर गोरक्ष हा जेऊरकडचा, तोंडानं फटकळ, पण हात सढळ. होस्टेलच्या पोरांना मापून पाणी, स्टाफला मापून पाणी. मनकर्णाच्या वाट्याला चार दिवसांना दोन घागरी येत.

मार्गशीर्षात भीमाबाई दारात उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, हातात पाटी. तिचा नवरा आसाराम बैलं घेऊन घोडेगावकडं जनावरांच्या छावणीत गेला होता आणि बैलांजवळच राहत होता. इकडं गावापासून तीन मैलांवर दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदणं चालू होतं. तिथं तिचं नाव लागलं होतं.

"ऱ्हाऊ का तुझ्याकं, आक्का?" तिनं विचारलं. आवाजात लग्नाचा राग अजून होता, पण पायांत त्राण नव्हतं.

"इचारती काय," मनकर्णा म्हणाली आणि गाठोडं उतरून घेतलं.

दोघी बहिणी त्या खोलीत राहू लागल्या. भीमाबाई सकाळी उजाडायच्या आत निघे, दिवसभर मातीची पाटी वाही, संध्याकाळी येई ती भिंतीला टेकून बसे. केसांत, कानांत, पापण्यांवर माती. तोंड धुवायला एक पेला. मनकर्णा भाकरी थापी. फारसं बोलणं होत नसे. बोलायला तोंडात ओल लागते, असं भीमाबाई एकदा म्हणाली होती.

पंधरा दिवसांनी एका रविवारी काम बंद होतं, तेव्हा भीमाबाई बहिणीच्या मागोमाग लॅबमध्ये आली. मनकर्णानं सवयीनं घागरीतलं तांब्याभर पाणी आणलं होतं. तिनं ते टाकीत सावकाश ओतलं, काटा सोडला, आकडा बघितला.

भीमाबाई बराच वेळ टाकीकडं बघत राहिली. समुद्रफूल उमललेलं होतं. शंखातला खेकडा वाळू उपसत होता.

"हे रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"आपल्या पान्यातलं?"

"माझ्या आंगुळीचं हाय ते. मी आठवड्याला करती आता."

"तिथं बाया पोरांस्नी घोटघोट पाजत्यात," भीमाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मनकर्णाला उत्तर देता आलं असतं. "काल एक म्हातारी चक्कर येऊन पडली तर तोंडावर मारायला पानी नव्हतं. अन तू ह्या किड्यांना."

मनकर्णानं काटा पुसून पेटीत ठेवला. "मला बी कळतं, भीमे," ती म्हणाली. "आज बंद केलं तर उद्या मरतील. मी म्हणती मरू द्यावं. रोज म्हणती. पर रोज सकाळी हात जातोच."

 घरी आल्यावर भीमाबाईनं फक्त घागरीवरचं झाकण नीट बसवलं.

त्या हिवाळ्यात लाईटही जायला लागली. कधी तासभर, कधी तीन-चार तास. पंप बंद म्हणजे हवा बंद. पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मनकर्णानं दोन तास मगानं पाणी उचलून परत टाकीत ओतलं, उंचावरून, बुडबुडे होतील असं. खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा तिनं गोरक्षला विचारलं, जुनी ट्यूब हाय का एखादी?

"कशाला? पवायला जाती काय?"

तिनं सांगितलं. तो हसला, पण पुढच्या खेपेला ट्रकची एक ठिगळं लावलेली ट्यूब घेऊन आला. पठारे सरांच्या सायकलच्या पंपानं ती ट्यूब फुगवायची, तोंडाला रबराची नळी, नळीला लॅबमधला स्क्रूचा चिमटा. चिमटा जरासा सैल केला की हवा दीड-दोन तास पुरे. शंभर-सव्वाशे वेळा पंप मारावा लागे. ती मोजत नसे. मोजलं की जास्त दमायला होई.

पौष सरता सरता मनकर्णाला ताप भरला. साथच होती, होस्टेलची अर्धी पोरं आडवी झाली होती. तिसऱ्या दिवशी तर तिला उठून उंबऱ्यापर्यंत जाता येईना. भीमाबाईनं कामावरचे खाडे केले आणि तिच्या उशाशी बसली. मनकर्णा तापात सारखी उठायला बघे.

"काय पायजे?"

"पानी घालायचं ऱ्हायलंय."

"पड तू. मी घालते."

भीमाबाईनं चार दिवस रोज जाऊन पाणी घातलं. तिनं मनापासून केलं. बहिणीची तडफड बघून तिच्या मनातला राग मावळला होता. आणि पाणी खारं ठेवायचं असतं एवढं तिला ऐकून माहीत होतं. मग गोडं पाणी घालून ते अळणी होणार नाही का? म्हणून दर तांब्याबरोबर तिनं दोन मुठी खडेमीठ टाकलं. तेही नीट विरघळवून.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मनकर्णा भिंत धरत लॅबमध्ये गेली. दोन माशांपैकी एक वाळूवर पडला होता, पोट वर करून. दगडावरची बटणं घट्ट मिटलेली. समुद्रफुलं सुकलेल्या अंजिरासारखी आकसली होती. तिनं काटा सोडला. काटा वर तरंगत राहिला. एकतीस.

"भीमे," ती म्हणाली, "तू ह्याच्यात काय टाकलं?"

भीमाबाईनं सांगितलं. सांगता सांगताच तिला कळलं, काहीतरी चुकलं. "मला वाटलं मीठ कमी हुईल," ती म्हणाली आणि टाकीच्या कडेला हात ठेवून तशीच उभी राहिली.

मनकर्णा स्टुलावर बसली. अंगात ताकद नव्हती, रागवायलाही. उपाय तिला माहीत होता, वहीत चौथ्या ओळीत होता. टाकीतलं एक घागर पाणी काढून घ्यायचं आणि त्या जागी एक घागर गोडं पाणी घालायचं. एकदम नाही, दोन-तीन दिवसांत, थोडं थोडं. पण घागरभर पाणी म्हणजे दोघींचं दोन दिवसांचं पिणं. टँकर परवा. आणि घरातल्या घागरीत तळाला जेमतेम चार तांबे.

"जाऊ दे," ती म्हणाली. "सुटलो."

ती खोलीत येऊन पडली. तिला खरंच सुटल्यासारखं वाटत होतं. छातीवरचं काही उतरल्यासारखं. तिनं डोळे मिटले आणि पडल्या पडल्या पंपाचा आवाज ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी भीमाबाई कामावर गेली. त्या कामावर नुकताच टँकर यायला लागला होता आणि दुपारी प्रत्येक बाईला एक कळशी पाणी मिळे, पिण्याला आणि घरी न्यायला. संध्याकाळी ती परत आली तेव्हा डोक्यावर घागर होती. काठोकाठ भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं. तिच्याबरोबरच्या राहीबाईनं आपली कळशी तिच्या घागरीत रिकामी केली होती. राहीबाईला तिनं काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. तीन मैल ती चालत आली होती आणि दिवसभर पाटीही वाहिली होती.

घागर तिनं घराच्या उंबऱ्यावर उतरवली नाही. सरळ लॅबच्या दाराशी नेली आणि मग हाक मारली, "आक्का, ये. घाल."

"तू पिलीस का?"

"पिले. ये."

ती प्याली नव्हती हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. मनकर्णानं आधी तांब्या बुडवला आणि तिच्यापुढं धरला. भीमाबाई अर्धा प्याली, अर्धा परत दिला. मग दोघींनी मिळून टाकीतलं थोडं पाणी बुधल्यात काढलं आणि गोडं पाणी घातलं, वाटी वाटीनं. मधे थांबायचं, मग परत. काटा तीसवर आला. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी पंचवीस. दुसरा मासा त्या मधल्या दिवशी मेला. समुद्रफुलं मिटलेलीच राहिली, चार दिवस, आठ दिवस. मनकर्णा रोज वास घेऊन बघे. वास येत नव्हता. मेलेल्याला वास येतो, एवढ्या आधारावर ती थांबली.

नवव्या दिवशी भीमाबाई कामावरून आली तशी, मातीच्या अंगानंच, लॅबमध्ये डोकावली आणि परत येऊन म्हणाली, "एकानं बोटं बाहेर काढल्यात."

मनकर्णा चुलीपुढून उठली नाही. "बरं झालं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. 

उन्हाळा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. टाकी तिनं टेबलावरून उचलायला लावून उत्तरेच्या कोपऱ्यात फरशीवर ठेवली, भोवती पोती बांधली. गांडुळं कुठं सापडत नव्हती. खाटीकही आठवड्याला एकच दिवस बसे. एका बाजूच्या बटणांपैकी निम्मी पांढरी पडून गळून गेली. पठारे सर एकदा येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एवढा जीव का टाकता? युनिव्हर्सिटीचा अभ्यासक्रम बघितला तर ह्याची गरजसुद्धा नाही." ते तिच्या काळजीनंच बोलले होते. ती म्हणाली, "व्हय, सर." आणि पोत्यावर पाण्याचा हात फिरवला.

वैशाखात एकदा काच पुसताना तिला आत, पाण्याच्या रेघेखाली, वाटाण्याएवढा एक ठिपका दिसला. तिला वाटलं डांबराचा पोपडा निघाला. नखानं खरवडायला गेली तर तो आकसला. तिनं भीमाबाईला दाखवला. पुढच्या पंधरवड्यात तसे आणखी दोन निघाले. मोठं फूल ज्या जागेवरून सरकत गेलं होतं, त्या वाटेवर.

"पिल्लं हायती," भीमाबाई म्हणाली.

"असत्याल," मनकर्णा म्हणाली. दोघी बराच वेळ टाकीपुढं उकिडव्या बसून राहिल्या. मग भीमाबाईला बसल्या बसल्या डुलकी लागली.

जून उजाडला, पाऊस झाला, कामं बंद झाली. आसाराम बैलं घेऊन गावी परतला आणि भीमाबाई पेरणीसाठी निघून गेली. जाताना तिनं विचारलं, "तू कवा यायची?"

"बघते."

"तू नुसतं बघती," भीमाबाई म्हणाली.

पुन्हा मनकर्णा एकटी. विहिरीला पाणी आलं होतं, टँकर थांबला होता, काम हलकं झालं होतं. आणि आताच तिला जास्त थकवा वाटू लागला. सकाळी कुलूप काढताना किल्ली फिरवायला दोन्ही हात लागत. ताटात वाढून घेतलेली भाकरी तशीच राही. डॉक्टरनं डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या आणि रक्त कमी आहे म्हणाला, लाल गोळ्या दिल्या. तिनं त्या घेतल्या.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात गाडेकर सर आले. मागं राहिलेली पुस्तकं न्यायला. अंगानं आणखी वाळले होते, चष्मा लागला होता. पठारे सरांशी बोलत ते लॅबमध्ये शिरले, पुस्तकांच्या कपाटाकडं वळले आणि पंपाचा आवाज ऐकून थबकले.

"हे अजून आहे?"

"हाय, सर," मनकर्णा म्हणाली.

ते फरशीवरच बसले. गुडघे टेकून काचेला नाक लावलं. मोठी दोन, लहान तीन. खेकडा होता. दगडावर बटणांचा एक पट्टा होता, उमललेला.  मग त्यांनी खिशातून वही काढली आणि विचारायला लागले. पाणी कधी बदललं, काय खायला घातलं, उन्हाळ्यात किती तापलं, पिल्लं कधी दिसली. ती सांगत गेली. एकतीसचा आकडा सांगितला. कशानं ते सांगितलं नाही, आजारपणात चूक झाली एवढंच म्हणाली.

"मनकर्णाबाई," ते शेवटी म्हणाले, "मुंबईत माझी टाकी दोनदा गेली. समुद्र खिडकीतून दिसतो, पाहिजे तेव्हा ताजं पाणी, मदतीला दोन माणसं. तरी गेली. मला वाटलं होतं, तुम्ही दोन महिन्यांत बंद केलं असेल. करायलाच पाहिजे होतं खरं तर. मी काय ठेवून गेलो तुमच्यावर, माझ्या लक्षात आलं नाही."

 एवढ्या दिवसांत कुणी असं म्हटलं तर आपल्याला रडू येईल असं तिला वाटत असे. आलं नाही. फक्त खाली बसावंसं वाटलं. ती स्टुलावर बसली, सरांसमोर, पहिल्यांदाच.

"सर, ह्यांना घेऊन जाता का?"

"मी?" ते म्हणाले. "हे तुमचं आहे आता. ही पिल्लं इथं झालीत. मी तर म्हणणार होतो, मुंबईहून आणखी पाणी पाठवतो, नवा पंप पाठवतो."

"न्हाई, सर. घेऊन जावा," ती म्हणाली. "मला बहिणीकडं जायचंय. पोरीच्या लग्नातबी मी जेवले न्हाई. दोन वर्सं झाली, मी कुटंच गेले न्हाई."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नेतो," ते म्हणाले.

दोन दिवस त्यांनी एसटीनं न्यायची तयारी केली. तीच झाकणाची बादली घासून घेतली. मनकर्णानं समुद्रफुलं स्वतः काढली. ओढायची नसतात, अंगठ्याच्या बाजूनं कड हळूहळू सोडवत न्यायची असते, ते सरांना तिनं दाखवलं. लहान तिन्हींना काचेसकट काढता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना फार वेळ लागला. एक फाटलं. "जगेल ते," सर म्हणाले. "जगंल," ती म्हणाली. खेकड्याचा शंख तिनं तळहातावर घेतला, तो आत ओढला गेला, मग हळूच एक नांगी बाहेर आली आणि तिच्या हाताच्या रेषांवर टेकली. तिनं तो बादलीत सोडला.

सर स्टँडवर बादली मांडीवर घेऊन बसले. गाडी सुटताना त्यांनी हात हलवला तो एकच, दुसरा झाकणावर होता.

परत येऊन तिनं पंपाची वायर काढली. लॅब एवढी गप्प झाली की व्हरांड्यातल्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. टाकीतलं पाणी तिनं बादली बादलीनं नेऊन माळावर, झाडं नव्हती त्या खडकावर ओतलं. खारं पाणी झाडाला नको. शेवटच्या बादल्या उचलवेनात तेव्हा शिपाई भिमाजीला हाक मारली. वाळू तिनं धुऊन, वाळवून पोत्यात भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती पाथर्डीकडं, बहिणीच्या गावाला जायला नगरच्या गाडीत बसली. पंधरा दिवसांची रजा टाकून. खिडकीशी डोकं टेकलं ते नगर आल्यावर कंडक्टरनं उठवलं. तिथं गाडी बदलली, पुढच्या गाडीतही झोपली. भीमाबाई ह्या वेळी फाट्यावर आली होती. मुक्ताही आली होती, कडेवर पोर घेऊन. ते पोर मनकर्णानं पहिल्यांदाच बघितलं.

दिवेलागणीला आसाराम शेतावरून आला. बाजरी बरी झाली होती, माणूस खुशीत होता. ताटं मांडली गेली. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, वर फोडणीच्या तिखटाचा भुरका. जेवता जेवता त्यानं विचारलं, "आक्का, भीमी लई सांगती त्या दर्याचं. आमाला तर काय उमगलं न्हाई. करत काय हुता तुमी तिथं?"

मनकर्णानं तोंडातला घास गिळला. "काय न्हाई," ती म्हणाली. "सकाळी उठून आधी पानी बघायचं. कमी झालं आसंल तर घालायचं. मग काटा सोडायचा…"

आसाराम पुढचं ऐकायला थांबला. मुक्ताही घास हातात धरून बघत होती. मनकर्णा कुडाला पाठ टेकून बसली होती, उजवा हात ताटात तसाच, मान एका बाजूला कललेली, श्वास संथ चाललेला. भीमाबाईनं वाकून तिचा हात ताटातून उचलला, पदरानं पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"झोपू द्या," ती म्हणाली. "उद्या सांगंल ती."